आठ फुल्या, पाच गोल

१

शिवकन्याचं पत्र येऊन एकवीस दिवस झाले होते आणि रविंद्र पाईकरावांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं.

लिहायला बसले नव्हते असं नाही. चार वेळा बसले. दोनदा मायन्याशीच अडले. एकदा ‘अनेक आशीर्वाद’ लिहून पेन मिटलं. चौथ्यांदा पानभर मजकूर झाला, पण वाचून पाहिला तर त्यात काहीच सांगितलेलं नव्हतं. ते पान त्यांनी फाडून टाकलं.

पाईकराव हिंगोलीतल्या एका शाळेत चौतीस वर्षं ग्रंथपाल होते. लोक त्यांना सर म्हणत, तेव्हा ते दरवेळी थोडे ओशाळत. आपण कधी कुणाला शिकवलं नाही, नुसती पुस्तकं दिली आणि परत घेतली, असं त्यांना वाटे. दोन वर्षांपूर्वी पुसेगावच्या पलीकडच्या तांड्यातल्या शाळेला त्यांनी आपल्याजवळच्या रहस्यकथांची एक पेटी दिली होती. ती पेटी सगळ्यात आधी वाचून संपवणारी मुलगी म्हणजे शिवकन्या. तिनं लिहिलं होतं:

‘सर, मी कोणाचं काही चोरलं नाही. आमच्या फुटबॉल संघाचा नवा कप्तान निवडायला चिठ्ठ्या टाकल्या. दिपासाठी गोल काढायचा, माझ्यासाठी फुली. मोजल्यावर आठ फुल्या निघाल्या आणि पाच गोल. पण सात पोरी शपथ घेऊन सांगतात की आम्ही गोल काढला. मग साताचे पाच कसे झाले? चिठ्ठ्यांचा डबा शाळेच्या कपाटात होता आणि किल्ली माझ्या आजोबांकडे होती. सगळे म्हणतात, नेमसिंग बाबानं नातीसाठी चिठ्ठ्या बदलल्या. मी आता जवळा बाजारला मामाकडे आहे. खेळत नाही. फोन करू नका, मामी शेजारी उभी राहून ऐकते. तुम्ही एवढी रहस्यं वाचली आहेत. आजोबांनी केलं असेल तर तेही लिहा. पण लिहा.’

त्या शेवटच्या दोन शब्दांनी पाईकरावांची झोप उडवली होती.

सोमवारी सकाळी संघाचा प्रशिक्षक देविदास याचा फोन आला. तो पाईकरावांच्याच शाळेत शिकलेला, वाचनालयात खिडकीपाशी बसणारा.

“सर, रविवारी जिल्ह्याची मॅच हाय. कप्तानाचं नाव द्यायचंय, आन् पोरी दोन बाजूला बसून राहिल्या. अर्ध्या म्हणतेत शिवकन्या चोर, अर्ध्या म्हणतेत बाकीच्या खोटारड्या. संघ मोडतो आता. तिनं तुमाला पत्र लिहलं व्हतं ना?”

“लिहिलं होतं,” पाईकराव म्हणाले.

फोन ठेवल्यावर करुणाबाईंनी भाजी चिरता चिरता विचारलं, “मग? पाचवं पान फाडायचं का आता?”

“मला काय कळतंय त्यातलं? पुस्तकातला चोर शोधणं वेगळं असतं.”

“लेकरानं विचारलंय तुमाला. मला विचारलं असतं तर मी कवाच गेले असते.”

मंगळवारी सकाळच्या एसटीत पाईकराव खिडकीपाशी बसले होते.

२

तांड्यात शिरण्याआधीच हळद शिजवल्याचा वास आला. अंगणा-अंगणात पिवळी हळद वाळत पडली होती आणि तिच्यातून वाट काढताना पाईकरावांच्या पांढऱ्या शर्टाची बाही पिवळी झाली.

शाळेच्या ओट्यावर देविदासनं त्यांना सगळं नीट सांगितलं. त्या दिवशी तेराही पोरी अमरसिंगच्या हळदीवर कामाला होत्या. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्या तशाच शाळेत आल्या, एकाच वहीच्या पानांच्या चिठ्ठ्या केल्या, आपापली खूण काढून डब्यात टाकल्या. देविदासनं डबा कपाटात ठेवला, किल्ली नेहमीसारखी नेमसिंगच्या हातात दिली आणि तो कागदपत्रं द्यायला हिंगोलीला गेला. पोरी हळदीवर परत गेल्या. संध्याकाळी सगळ्यांसमोर मोजणी झाली.

“शिवकन्या कुठं होती दुपारभर?”

“हळदीवरच. अमरसिंगची बायको सांगते, पोरगी जागची हालली न्हाई. म्हणून तर सगळे तिच्या आज्याकडं बोट दाखवतेत.”

“कपाटाला फोडल्याच्या खुणा?”

“काय बी न्हाई. किल्लीनंच उघडलं.”

देविदासनं जपून ठेवलेला लिफाफा पुढे केला. पाईकरावांनी चष्मा पुसला आणि तेरा चिठ्ठ्या ओट्यावर एका ओळीत मांडल्या. वारा होता, म्हणून प्रत्येकीवर एकेक खडा ठेवला. चिठ्ठ्या सारख्याच होत्या. पेनही एकच. प्रत्येकीवर बोटांचे डाग होते. हळदीच्या हातांनी घडी घातलेल्या चिठ्ठीवर दुसरं काय असणार? दहा चिठ्ठ्यांवरचे डाग पिवळे होते.

तीन चिठ्ठ्यांवरचे मात्र लाल होते. विटकरी लाल. आणि त्या तिन्हींवर फुली होती.

पाईकरावांनी एका डागापाशी बोट ठेवलं. “देविदास, हे लाल कशानं?”

देविदासनं वाकून पाहिलं.  मग आवाज खाली आणून म्हणाला, “सर, हळदीला चुना लागला की लाल व्हते. आमच्याकडं लेकरालाबी ठाऊक हाय.” त्यानं शाळेच्या फाटकाकडं पाहिलं. तिथं लिंबाखाली बाजेवर एक म्हातारा बसला होता. त्याच्या डाव्या तळहातावर तंबाखू होती. कनवटीच्या डबीतून त्यानं बोटभर चुना काढला, तंबाखूवर घातला आणि अंगठ्यानं मळायला लागला.

तो नेमसिंग होता.

३

पाईकरावांना वाटलं, आत्ता उठावं आणि पहिल्या एसटीनं घरी जावं. ‘आजोबांनी केलं असेल तर तेही लिहा,’ असं त्या मुलीनं लिहिलं होतं खरं. पण ते लिहिणारा हात आपला असावा, असं कुणाला वाटेल?

तरी ते बाजेपाशी गेले. नेमसिंगनं सरकून जागा दिली.

“बसा. तुमीच का पुस्तकवाले?”

“हो. म्हणजे, शिवकन्यानं मला…”

“ठाऊक हाय. तुमीबी माझे हात बघायलाच आला.” म्हाताऱ्यानं दोन्ही तळवे पुढे केले. कोरडे, भेगाळलेले, एका बोटाला चुन्याची पांढरी रेघ. “बघा. समदा तांडा बघून गेला. ज्या पोरांच्या लग्नात मी नाचलो, ती पोरं आता फाटकातून खाली मान घालून जातेत.”

फाटकासमोरच्या घरातून त्याची बायको नानीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि पाहुण्याच्या हाती देता देता नवऱ्यावर बरसली, “आन् ती तंबाखू सोडा म्हनून किती सांगू! हळदीच्या धुरानं दमा उठतो म्हनून शेताकडं जात न्हाई हा मानूस. महिनाभर हळदीला हात लावला न्हाई. पन तंबाखूचा धूर न्हाई ना, मग ती चालते!”

“तुजं काय जातं गं?”

“मजं काय जातं? रातभर खोकता तुमी, जागते मी.”

पाईकरावांना विचारायचं होतं, त्या दुपारी काय झालं? पण म्हाताऱ्याच्या त्या पुढे केलेल्या तळव्यांकडं पाहून त्यांच्या तोंडातून निघालं, “पाणी गोड आहे तुमच्याकडचं.”

“बोअरचं हाय,” नेमसिंग म्हणाला, आणि दुसरीकडं पाहू लागला.

परतीच्या एसटीत ते स्वतःवर चिडले होते. पुस्तकातला माणूस असा पाणी पिऊन परत येत नाही. पण पुस्तकातल्या माणसाला असा म्हातारा भेटत नाही, हेही खरं होतं. तीन चिठ्ठ्या. लाल डाग. चुना. उद्या पत्र लिहायचं, तर हेच लिहावं लागणार होतं.

४

“शर्टाचं काय करून आणलंत हे?” करुणाबाईंनी बुधवारी सकाळी मोरीतून हाक मारली.

“हळद लागली. धुतल्यावर जाईल.”

“हळद साबणानं जाते होय? बघा, लाल करून ठेवली. उन्हात टाकावा लागेल आता दोन दिवस.”

पाईकराव दाढी अर्धी टाकून मोरीच्या दारात आले. बाहीवरचा पिवळा पट्टा साबणाच्या फेसाखाली लालभडक झाला होता.

“साबणानंसुद्धा लाल होते?”

“साबणानं होते, सोड्यानं होते, चुन्यानं होते.” करुणाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. “चाळीस वर्षं झाली लग्नाला. तुमचे हळदीचे शर्ट धुऊन हात झिजले माझे. एवढ्या पुस्तकात न्हाई का हे लिहलेलं?”

 तोंडाला तसाच साबण ठेवून ते शेजारच्या पानवाल्याकडून चिमूटभर चुना घेऊन आले. टेबलावर तीन कोरे कागद ठेवले. पहिल्या कागदाला चुन्याचं बोट लावलं: पांढरट पुसट ठसा, वाळला की झटकला गेला. दुसऱ्याला आधी हळदीचं बोट लावलं आणि त्यावर चुन्याचं: मध्ये लाल ठिपका, पण भोवती पिवळी कड राहिलीच. मग त्यांनी बोटांना हळद चोळली, ती साबणाच्या पाण्यात बुडवली, आणि त्या लाल बोटांनी तिसरा कागद दाबला.

स्वच्छ, एकसारखा लाल ठसा. कुठं पिवळं नाही.

त्यांना कालच्या तीन चिठ्ठ्या आठवल्या. त्यांच्यावर पिवळी कड नव्हती. म्हणजे पोरींच्या पिवळ्या चिठ्ठ्यांना नंतर चुना लागला नव्हता. त्या तीन चिठ्ठ्या कोऱ्या कागदाच्याच होत्या आणि ज्या हातांनी त्या केल्या, ते हातच लाल होते. अशा हातांना दोन गोष्टी लागलेल्या हव्यात. आधी हळद. मग साबण किंवा चुना. नेमसिंगच्या हाताला चुना होता. पण नानीबाई भांडता भांडता सांगून गेली होती, महिनाभर त्यानं हळदीला हात लावला नव्हता. त्याच्या बोटाचा कोऱ्या कागदावर लाल ठसा उठणारच नाही.

हळद तेराही पोरींच्या हाताला होती. पण तेराही पोरी तशाच पुन्हा हळदीत गेल्या असतील, तर मधल्या वेळात साबण कोण लावील?

पाईकराव थबकले. तेराही? देविदास म्हणाला होता, ‘पोरी परत गेल्या.’ सगळ्या, असं तो म्हणाला नव्हता.

“करुणा, मी जाऊन येतो,” ते म्हणाले.

“दाढी तरी पुरी करा!”

५

नेमसिंग बाजेवर तसाच होता. यावेळी पाईकरावांनी पाण्याची वाट पाहिली नाही.

“नेमसिंग बाबा, त्या दुपारी कपाटाची किल्ली तुमच्याकडून कुणी मागितली होती?”

म्हातारा हसला, पहिल्यांदाच. “हे मला इतक्या दिवसांत कुणी इचारलं न्हाई. समदे इचारतेत, तुमी काहून केलं?”

“मी विचारतोय. कुणी मागितली?”

“धुनारीन आली व्हती. दर आठवड्याला एका पोरीकडं जर्शा धुवायची पाळी असते. जिची पाळी, तिला किल्ली. ती जर्शा घेऊन गेली हापशावर. मग आर्ध्यातून पळत आली, म्हनली, गोलकीपरची जर्सी कपाटातच राहिली. पुन्हा किल्ली दिली. त्यात सांगण्यासारखं काय व्हतं?”

“तिचे हात कसे होते?”

नेमसिंगचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. “सोड्यानं लाल झालते,” तो हळूच म्हणाला. “मी चेष्टा बी केली, म्हनलं, मेंदी लावून आली का गं.” मग त्यानं मान वर केली. “पन सर, ते कसं व्हईल? ती तर हरली.”

“पाळी कुणाची होती?”

“दिपाची.”

पाईकराव बाजेच्या कडेवर बसले. हरलेल्या मुलीवर कुणीही संशय घेत नाही. त्यांनीही घेतला नव्हता, आणि गेली पन्नास वर्षं ते असल्याच कथा वाचत होते.

६

दिपा हापशापाशी सापडली. मजबूत खांद्यांची, कमी बोलणारी मुलगी. पाईकरावांनी खिशातून आपला तिसरा कागद काढला, लाल ठशाचा, आणि तो तिच्यापुढं धरला. त्यांना प्रश्न विचारायला जमत नव्हतं. निदान कागद दाखवायला जमत होतं.

तिनं कागद पाहिला, आपले हात ओढणीत गुंडाळले.

“कवा कळलं?”

“आज सकाळी. माझ्या बायकोला खूप आधीपासून ठाऊक होतं.”

दिपा हसली नाही. हापशाच्या कट्ट्यावर बसली.

“मला कप्तान व्हायचं व्हतं सर. मी खोटं न्हाई बोलत. चिठ्ठीत मी स्वतःलाच गोल काढला. पन चिठ्ठ्या टाकून झाल्यावर देविदास सरांनी कपाट लावता लावता सांगितलं, जी कप्तान व्हईल तिला मे महिन्यात धा दिवस परभणीला शिबिराला जायचं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. आन् मला कळलं, संपलं.”

“वडील?”

“बा खेळू देतो, पन अट हाय. दिवस मावळायच्या आत घरी. बाहेरगावी मुक्काम न्हाई.”

“मग कप्तान व्हायचं नाही असं सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर देविदास सर लगेच बाच्याकडं आले असते समजावून सांगायला.” तिनं मान हलवली. “माझी मोठी बहीण बारावीत व्हती. तिच्या मॅडम अशाच समजावून सांगायला आल्या. बा त्यांच्याशी भांडला आन् दुसऱ्या दिवशी बहिनीची शाळाच बंद केली. लोकांसमोर कुणी शिकवलं की बा हट्टाला पेटतो. मला वाटलं, शिवकन्या कप्तान झाली की मला नुसतं खेळता येईल. ती बी चांगली हाय. माझ्यापेक्षा जरा कमी धावते, पन डोकं हाय तिला.”

“तीन चिठ्ठ्या बदललीस.”

“तीन बास व्हत्या. वही-पेन कपाटातच व्हतं. डब्यातून गोलाच्या तीन काढल्या, फुलीच्या तीन टाकल्या. हात सोड्याचे व्हते, घाईत ध्यानात आलं न्हाई. मला वाटलं आठ-पंधरा दिवसांत समदे इसरतील. तर त्यांनी नेमसिंग बाबाला धरलं. मग शिवकन्या निघून गेली. मी रोज म्हनायची, आज सांगते. रोज मोठं व्हत गेलं ते.”

पाईकराव तिच्या शेजारी बसले. रोज मोठं होत जाणारी गोष्ट त्यांनाही चांगली ठाऊक होती. पत्राचे एकवीस दिवस त्यांनी स्वतः मोजले होते. आता ही गोष्ट उघड केली तर हिचं खेळणं बंद होणार. झाकली तर एक म्हातारा आणि एक मुलगी कायमची चोर ठरणार. कुठल्याही पुस्तकात शेवटच्या पानानंतर काय करायचं ते दिलेलं नसतं.

“मी सांगू का तूच सांगशील?” त्यांनी विचारलं.

दिपानं ओढणीतून हात सोडवले. “मीच सांगते,” ती म्हणाली. “पन आधी नेमसिंग बाबाला.”

ती फाटकाकडं गेली. पाईकराव मागं राहिले. लांबून त्यांना एवढंच दिसलं की पोरगी खाली मान घालून उभी आहे. म्हातारा उठला. आता हा ओरडणार, असं पाईकरावांना वाटलं. नेमसिंगनं मळलेली तंबाखू मातीत टाकून दिली, हात धोतराला पुसले आणि पायात चप्पल घातली.

“कुठं निघालात?” पाईकरावांनी जवळ येऊन विचारलं.

“रणजीतकडं. हिच्या बाच्याकडं.”

“अहो, पण तो…”

“देविदास गेला तर मास्तर म्हनून भांडल. तुमी गेला तर साहेब म्हनून भांडल. माझ्याशी काय भांडनार? नागडा असल्यापास्नं माझ्या मांडीवर वाढला तो.” मग दिपाकडं वळून म्हणाला, “तू काहून रडते आता? चल. आन् नाक पूस.”

७

बुधवारी संध्याकाळी देविदासचा फोन आला. दिपानं सगळ्या पोरींसमोर सांगितलं होतं. दोघी-तिघी रडल्या, एक चिडून निघून गेली आणि घटकाभरानं परत आली. ज्यांनी नेमसिंगला नावं ठेवली होती त्यांच्या घरून बाजेपाशी एवढा चहा गेला की नानीबाईनं शेवटी हात जोडले. शनिवारी दुपारी पुन्हा चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या होत्या, तेराजणींच्या. बारांच्या नाही.

“आणि रणजीत?” पाईकरावांनी विचारलं.

“नेमसिंग बाबा दोन तास बसले व्हते. रणजीत शेवटी म्हनला, ‘बघू’. सर, रणजीतचं बघू म्हणजे व्हय न्हाई, पन न्हाई बी न्हाई. आजवर त्यानं ‘बघू’ म्हटलेलं मी तरी ऐकलं न्हाई.”

फोन ठेवून पाईकराव टेबलाशी बसले. करुणाबाईंनी चहा ठेवला आणि आत गेल्या.

उत्तरात दोन गोष्टी लिहायच्या होत्या. पहिली सोपी होती. ती लिहून त्यांना थांबावंसं वाटलं. दुसरी लिहिल्याशिवाय पत्र खरं होणार नव्हतं. त्यांनी लिहिलं:

‘चि. शिवकन्या, तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मी उशीर केला. मला भीती वाटत होती. त्याबद्दल मला माफ कर. तू काही चोरलं नाहीस आणि तुझ्या आजोबांनीही नाही. हे आता सगळ्या तांड्याला कळलं आहे. पण तू निवडूनही आली नव्हतीस. खऱ्या चिठ्ठ्या आठ गोल आणि पाच फुल्या अशा होत्या. चिठ्ठ्या दिपानं बदलल्या, स्वतः हरावं म्हणून. का, ते ती तुला स्वतः सांगणार आहे; ते मी लिहिणं बरोबर नाही. तिनं निरोप दिला आहे की माफी मागायला ती तुझ्या मामीसमोरसुद्धा उभी राहील. शनिवारी दुपारी पुन्हा निवड आहे. पुन्हा पाचच फुल्या निघतील, कदाचित चारही. तरी ये. तुझी चिठ्ठी आल्याशिवाय डबा उघडायचा नाही, असं त्या बाराजणींनी ठरवलं आहे.’

‘पुन्हा पाचच फुल्या निघतील’ हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. खोडायला पेन उचललं. पंधरा वर्षांच्या मुलीला असं लिहितात का? मग त्यांना वाटलं, हिनं गोड उत्तर मागितलंच नव्हतं. पेन त्यांनी खाली ठेवलं.

गुरुवारी पोस्ट उघडलं तेव्हा ते पायरीवरच उभे होते. खिडकीतल्या कारकुनानं पाकीट तोललं आणि विचारलं, “जवळा बाजार? साधं का स्पीड पोस्ट?”

“उद्या पोचेल का?”

“उद्या पोचतंय बगा.”

“मग स्पीड पोस्ट.”

कारकुनानं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं. पाईकराव खिडकीपाशी थोडा वेळ उभेच राहिले.

“अजून काही, सर?” कारकुनानं विचारलं.

“नाही,” पाईकराव म्हणाले. “गेलं ना ते?”

“गेलं.”